फायनान्सची डिग्री आणि व्हिसाचा घोर

दिवाळीला पुण्याहून घरी आलेली इंजिनिअर पोरं पूर्वी वाकड-हिंजवडीतल्या फ्लॅटचे भाव सांगायची. आता जुळे सोलापूर असो की होटगी रोड, वेगळाच विषय निघतो. चार-पाच वर्षं टेस्टिंग नाहीतर सपोर्टमध्ये गेली, त्या कामाचा भरवसा वाटेना, म्हणून फायनान्समध्ये जायचंय. बाहेरून मास्टर्स करावं असं डोक्यात आहे. पण तिथंच घोडं अडतं: "काय ओ सर, व्हिसाचं असं चालू असताना जाऊ का नको?" टॉवेलच्या एक्स्पोर्ट हाऊसमध्ये हिशेब बघणारी बी.कॉम.ची मुलगीही हेच विचारते. तिच्या शेजारी बसलेल्या वडिलांचा प्रश्न निराळा असतो: घर तारण ठेवायचं का?

सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेतून एकामागून एक बातम्या आल्या. व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत त्यांना भरपूर तिखटमीठ लागलं. कुणी म्हणतं दार बंद झालं, तर ज्याचा धंदाच पोरं पाठवण्याचा आहे तो म्हणतो काही फरक पडत नाही. बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे मी या गोष्टीकडे थोडा हिशेबी नजरेनं बघतो. परदेशी डिग्रीच्या फीमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे असतात. एक शिक्षणाचे, आणि दुसरे त्या देशात काम करायला जी मुदत मिळते तिचे. शिक्षण तुमच्याजवळ राहतं. मुदत तिथलं सरकार देतं आणि तेच ती कमी करतं. हे दोन हिशेब वेगळ्या पानांवर मांडले की कुठली डिग्री घ्यावी, हा गुंता बराचसा सुटतो.

## आधी चार शब्द

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याला एफ-1 व्हिसा मिळतो. शिक्षण संपल्यावर त्याच व्हिसावर आपल्या विषयातलं काम 12 महिने करता येतं. या सवलतीला ओपीटी म्हणतात. डिग्री सरकारच्या स्टेम यादीत, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या विषयांच्या यादीत असली, तर आणखी 24 महिने मिळू शकतात. त्यापुढंही नोकरी करायची असेल तर कंपनीला तुमच्यासाठी एच-1बी हा कामाचा व्हिसा मागावा लागतो. असे व्हिसा वर्षाला 65,000, आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे 20,000. मागणारे कितीतरी जास्त, म्हणून सोडत निघते.

सोडतीची नोंदणी मार्चमध्ये होते आणि निवड झाली तर काम ऑक्टोबरपासून सुरू होतं. आता समजा, मे 2028 मध्ये डिग्री हातात आली. साध्या ओपीटीवाल्याला डिग्रीनंतर मार्च 2029 ची एकच सोडत मिळते. स्टेमवाल्याला 2029, 2030 आणि 2031 अशा तीन. दोघांच्याही प्रमाणपत्रावर मास्टर्स इन फायनान्सच लिहिलेलं असू शकतं.

## आय-20 वरचा क्रमांक

नाव एक आणि मुदत वेगळी, असं कसं? विद्यापीठानं प्रवेश पक्का केला की आय-20 नावाचं पत्रक पाठवतं. व्हिसाच्या मुलाखतीला ते लागतंच. पहिल्याच पानावर विद्यापीठाच्या माहितीखाली अभ्यासक्रमाचा रकाना असतो. त्यात 'मेजर 1' असं लिहून पुढं विषयाचं नाव आणि सहा आकडी क्रमांक छापलेला असतो. घरातले सगळे त्याच्या खालची खर्चाची रक्कम बघून गप्प होतात, आणि या क्रमांकाकडं कुणाचं लक्षच जात नाही. वास्तविक तीन वर्षं की एक वर्ष, हे तिथं ठरलेलं असतं.

52.0801 हा साध्या फायनान्सचा क्रमांक. तो स्टेम यादीत नाही. 27.0305 म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, 52.1301 म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, 45.0603 म्हणजे इकॉनोमेट्रिक्स. हे यादीत आहेत. जानेवारी 2022 मध्ये 22 नवे विषय यादीत आले, त्यात फायनान्शियल ॲनालिटिक्स आणि बिझनेस ॲनालिटिक्सही होते. याचा फायदा घेऊन बऱ्याच विद्यापीठांनी अभ्यासक्रमात गणित-आकडेशास्त्राचे पेपर वाढवले आणि फायनान्सच्या मास्टर्सला, काहींनी एमबीएलासुद्धा, स्टेममधला क्रमांक लावून घेतला. एकाच विद्यापीठात एमबीएची एक शाखा स्टेम आणि दुसरी बिगरस्टेम असंही असतं.

तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी विभागाला ईमेल करून क्रमांक लेखी मागवायचा. सल्लागाराच्या रंगीत माहितीपत्रकात 'स्टेम' लिहिलंय, यावर विसंबू नका. ते पत्रक मागच्या वर्षीचं असू शकतं, किंवा शेजारच्या शाखेचं.

स्टेमची वाढीव दोन वर्षं आपोआप मिळत नाहीत. कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणीत नोंदलेली हवी, कामाचा डिग्रीशी संबंध हवा, आणि काय शिकवणार याचा लेखी आराखडा कंपनीनं सही करून द्यावा लागतो. शिवाय बेकारीचे दिवस मोजले जातात. पहिल्या वर्षात एकूण 90 दिवस नोकरीविना चालतात, स्टेम वाढ मिळाल्यावर पूर्ण काळात मिळून 150. त्यापुढं मुक्काम हलवावा लागतो.

आणखी एक गोष्ट सल्लागार सांगत नाहीत. ओपीटी ही तिथल्या संसदेनं कायदा करून दिलेली हमी नाही, खात्याच्या नियमांतली सोय आहे. स्टेमची वाढ 2008 मध्ये 17 महिन्यांची होती, 2016 मध्ये ती 24 झाली. वाढवणाऱ्याला कमीही करता येते. ऑगस्ट 2025 मध्ये विद्यार्थ्यांना शिक्षण चालेल तोवर राहू देण्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख देण्याचा प्रस्तावही आला. डिग्री घेताना आजचा नियम दोन वर्षांनी असाच असेल असं धरून चालणं धोक्याचं आहे.

## सोडतीत आता चिठ्ठ्या कमी-जास्त

अमेरिकेच्या आर्थिक वर्ष 2026 च्या, म्हणजे मार्च 2025 मध्ये निघालेल्या सोडतीत पात्र नोंदण्या 3,43,981 होत्या आणि निवडल्या गेल्या 1,20,141. साधारण तिघांत एक. तेव्हा सगळ्यांची संधी सारखीच असायची. 27 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नियमानं ते बदललं.

आपल्याकडची भिशी डोळ्यांसमोर आणा. गल्लीतल्या भिशीत एखादा दोन नावं लावतो, एखादा चार. डब्यात त्याच्या तेवढ्या चिठ्ठ्या पडतात, आणि ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचं नाव निघायची शक्यता जास्त. एच-1बीच्या डब्यात आता चिठ्ठ्या पगारावर ठरतात. अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक कामासाठी आणि प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवतं. पहिल्या पातळीच्या पगाराला एक चिठ्ठी, दुसऱ्या पातळीला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. नियम मांडताना सरकारनंच दिलेल्या अंदाजानुसार पहिल्या पातळीची निवडीची शक्यता सुमारे 15 टक्के, दुसरीची 31, तिसरीची 46 आणि चौथीची 61.

नुकतीच डिग्री घेऊन बाहेर पडणारा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीत बसतो. म्हणून हा नियम विद्यार्थ्यांवर सगळ्यात जास्त बेततो. पण पातळी भागानुसार ठरत असल्यानं एक फट राहते. न्यूयॉर्कमध्ये जो पगार पहिल्या पातळीत मोडेल, तोच शार्लटसारख्या लहान शहरात वरच्या पातळीत जाऊ शकतो. आणि शार्लट म्हणजे आडगाव नव्हे, बँक ऑफ अमेरिकेचं मुख्यालय तिथं आहे. वॉल स्ट्रीटच हवा असा हट्ट नसेल तर हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

## एक लाख डॉलर कुणी भरायचे?

19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला: नव्या एच-1बी अर्जासाठी कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे. आदेश पहिल्यांदा 12 महिन्यांसाठी होता आणि वाढवण्याची सोय त्यात ठेवली होती. त्या रात्री सुट्टीवर आलेल्या लोकांनी परतीच्या विमानांसाठी केलेली धावपळ सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

महिन्याभरानं, 20 ऑक्टोबरला, तिथल्या इमिग्रेशन खात्यानं खुलासा केला. जो आधीच अमेरिकेत एफ-1 सारख्या वैध व्हिसावर आहे आणि तिथं राहूनच एच-1बीवर जातोय, त्याच्यासाठी ही रक्कम लागत नाही. बाहेरच्या देशातून माणूस आणायचा असेल तर लागते. म्हणजे पुण्यातल्या कंपनीतून थेट अमेरिकेला पाठवणं महाग झालं आणि तिथं शिकून राहणाऱ्याला त्या मानानं सूट मिळाली. व्हॉट्सॲपवर पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोचली, खुलासा फारच थोड्यांपर्यंत.

## "मग स्टेम बघून घेऊन टाकू ना?"

हा प्रश्न इंजिनिअर पोरं हमखास विचारतात. इथं थांबून बघायला हवं, कारण फायनान्स म्हणजे एक नोकरी नव्हे. कंपनीच्या आत बसून अंदाजपत्रक आणि खर्चाचा मेळ घालणं वेगळं, बँकेत कर्ज बुडण्याची जोखीम मोजणं वेगळं, शेअरचा अभ्यास करून अहवाल लिहिणं वेगळं, आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणारी इन्व्हेस्टमेंट बँकिंग तर आणखी वेगळी. शेवटच्या प्रकारात रात्री दोनपर्यंत एक्सेल आणि प्रेझेंटेशन असतं, हे ठाऊक नसलेली मुलं सगळ्यात जास्त तिकडंच जायचं म्हणतात.

डिग्र्याही त्या त्या कामांकडं नेतात. फायनान्शियल इंजिनिअरिंग किंवा क्वांटच्या, म्हणजे गणिती फायनान्सच्या डिग्रीत संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा, स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस आणि भरपूर प्रोग्रॅमिंग असतं. स्टेम असण्याबद्दल तिथं सहसा शंका नसते. पण ज्यानं एम-3 ची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरची, केटी कशीबशी सोडवली, त्यानं केवळ तीन वर्षांच्या मुदतीसाठी हे घेऊ नये. वर्गात चीन, फ्रान्स आणि आपल्या आयआयटीतली गणितात मुरलेली मुलं असतात आणि नोकरीच्या मुलाखतीत कोडी सोडवायला लावतात.

मास्टर्स इन फायनान्स हा मधला रस्ता. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा, बहुतेक ताज्या पदवीधरांसाठी आखलेला. पाच वर्षं अनुभव असलेला माणूस तिथं गेला की त्याला बावीस वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या पायरीवर उभं राहावं लागतं. एमबीए दोन वर्षांचं, महाग, पण पेशा बदलणाऱ्यांसाठी त्याची रचनाच सोयीची आहे. मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि नव्या क्षेत्रात पाय ठेवायची ती खरी संधी. दहा महिन्यांच्या कोर्सात तो उन्हाळाच येत नाही. शिवाय शिकत असताना बाहेर काम करण्याची परवानगी सर्वसाधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ काम करायला देतो म्हणणाऱ्या संस्थांपासून चार हात लांब राहिलेलं बरं, पुढच्या व्हिसाच्या वेळी त्याचीच विचारणा होते.

## अर्धाच पेशा बदला

नव्या सोडतीत हे जास्तच पटतं. समजा, एखाद्या मुलानं पाच वर्षं बँकांच्या पेमेंट सिस्टिमचं सॉफ्टवेअर सांभाळलंय. तो सगळं सोडून शेअरच्या अभ्यासात, म्हणजे इक्विटी रिसर्चमध्ये शिरला तर शून्यापासून सुरुवात, पगार पहिल्या पातळीचा, चिठ्ठी एक. त्याऐवजी तो जोखीम मोजणाऱ्या विभागाच्या मॉडेल्सवर, आर्थिक गुन्हे पकडणाऱ्या यंत्रणांवर किंवा ट्रेझरीच्या, म्हणजे रोख आणि चलन सांभाळणाऱ्या विभागाच्या, सिस्टिमवर काम करणाऱ्या नोकरीकडं वळला, तर जुना अनुभव वाया जात नाही आणि पगारही बरा मिळू शकतो. पुन्हा भारतात यावं लागलं तरी याच कामाला पुण्यात जागा आहेत.

एक्स्पोर्ट हाऊसमधल्या त्या मुलीचंही तेच. परकीय चलनात येणारं बिल, लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैशांची हमी), डॉलर घसरला की नफ्याचं काय होतं, हे ती रोज बघते. ट्रेड फायनान्स आणि ट्रेझरीच्या मुलाखतीत हे अनुभवानं सांगणारी उमेदवार वर्गातल्या मुलांत उठून दिसते. तिला मात्र हे 'अकाउंट्सचं साधं काम' वाटतं, आणि अर्जात ती ते दोन ओळींत उरकते.

## "अमेरिका नको, दुसरीकडं?"

इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं, म्हणून एकूण खर्च कमी. शिक्षणानंतर काम करायला दोन वर्षं मिळायची, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच. सप्टेंबर 2026 ला सुरू होणारा एक वर्षाचा कोर्स 2027 मध्ये संपतो, म्हणजे तो 18 महिन्यांतच गेला. पुढं कुशल कामगाराचा व्हिसा हवा तर पगाराची सर्वसाधारण अट 41,700 पौंड, नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी 33,400. लंडनच्या बँकांत हा पगार मिळतो. लहान शहरातल्या अकाउंट्स फर्ममध्ये मिळेलच असं नाही. शिकायला जाताना जोडीदाराला नेण्याची सोय 2024 पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून बंद आहे, लग्न झालेल्यांनी हे आधीच बघावं.

कॅनडानं 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि कॉलेजांच्या डिप्लोमांवर बडगा उगारला. विद्यापीठातलं मास्टर्स मात्र त्यातून बरंच वाचलं. दोन वर्षांहून लहान मास्टर्स असलं तरी तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो, आणि 1 जानेवारी 2026 पासून सरकारी संस्थांतल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना संख्येच्या मर्यादेतून वगळलंय. टोरांटोत बँका मोठ्या आहेत, पण नोकरीचा बाजार अमेरिकेपुढं लहान.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे 11,904 युरो वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावे लागतात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने. फायनान्सच्या कामात मात्र जर्मन येणं जवळपास सक्तीचंच समजा. फ्रँकफर्टमध्ये इंग्रजीवर भागतं असं सांगणारे भेटतील. त्यांना त्यांची स्वतःची नोकरी कुठली ते विचारा. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळू शकतात आणि डब्लिनमध्ये गुंतवणूक फंडांच्या हिशेबाचं काम मोठं आहे. ते फारसं झगमगीत नाही, पण पेशा बदलणाऱ्याला आत शिरायला चांगलं.

## घर तारण ठेवायचं का?

आकडे मांडू. सगळा खर्च 70,000 डॉलर आणि डॉलर 90 रुपये धरला, तर 63 लाख होतात. त्यातले 18 लाख घरचे आणि 45 लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के. रक्कम हप्त्याहप्त्यानं उचलली तरी शिक्षण आणि नंतरचे सहा महिने मिळून सात-आठ लाख व्याज साचतं. ते मुद्दलात धरून 53 लाख दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता 73,000 रुपयांच्या आसपास बसतो. डॉलरमध्ये पगार असेल तर हे ओझं जड वाटत नाही. प्रश्न हा विचारायचा: सोडत लागली नाही, पुण्यात परत आलो, तर खोलीचं भाडं आणि मेस भागवून हातात 73,000 उरतील असा पगार ही डिग्री इथं मिळवून देईल का? काही डिग्र्या देतील, पण बऱ्याच नाही देणार.

सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यावर लागतं. ठरावीक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका सूट देतात. आपल्या जिल्ह्यात अडचण येते ती कागदांची. मोहोळ, बार्शीकडं दहा एकर बागायत असली तरी सातबारा घेऊन बँकेत गेल्यावर निराशाच पदरी पडते. शेतजमिनीवर बँकेला नेहमीच्या झटपट वसुलीच्या कायद्यानं हात घालता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती सहसा धरत नाहीत. गुंठेवारीतला प्लॉट, एनए न झालेली जागा, आजोबांच्या नावावर राहिलेलं घर, वारसनोंद बाकी असलेला लूमचा शेड, यातलं काहीही असेल तर सहा महिने आधी कामाला लागा. मूल्यांकन करणारा येतो, मोजमाप घेतो, आणि मग कळतं की नकाशात एकच मजला मंजूर आहे. तोवर विद्यापीठाची तारीख उलटलेली असते.

बिगरबँक वित्तसंस्था तारण न घेता देतात, पण व्याज चढं आणि सहकर्जदाराचा पगार किंवा रिटर्न बघतात. व्याजावरची आयकरातली वजावट (जुन्या कायद्यातलं 80-ई कलम) आठ वर्षं मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

माझं मत विचारलंत तर राहतं घर एकच असेल, तर ते केवळ मुदत विकत घेण्यासाठी गहाण टाकू नये. शिक्षणाची किंमत इथल्या पगारातून फिटत असेल, तर गोष्ट वेगळी.

## इथंच राहिलं तर?

"मग बाहेर जाऊच नका म्हणताय का?" असं मला विचारतात. तसं नाही. पण इथला पर्याय कुणी धडपणे मोजतच नाही. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, बीएनवाय, एचएसबीसी यांची मोठी कार्यालयं पुण्यात आहेत. वंदे भारत सकाळी सोलापूरहून निघते आणि त्याच पुण्यावरून मुंबईला जाते. या कार्यालयांत आता नुसतं नोंदीचं काम राहिलेलं नाही, जोखीम मोजणं, मॉडेल तपासणं अशी कामंही होतात.

सीएफए ही गुंतवणुकीच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय सनद. तिच्या तीन पातळ्यांच्या परीक्षा नोकरी करत देता येतात; सनद मात्र किमान 36 महिन्यांत मिळून 4,000 तासांचा संबंधित अनुभव झाल्यावर. जोखीम मोजण्याच्या कामासाठी एफआरएम या परीक्षेचे दोन भाग आहेत. मुंबईत जमनालाल बजाजमध्ये एमएस्सी फायनान्स आहे, अनुभवी लोकांसाठी काही आयआयएममध्ये एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. सीएफएची पहिली पातळी ही बाहेर जायच्या आधी स्वतःला तपासायची स्वस्त जागाही आहे. ताळेबंद आणि बाँडचं गणित सहा महिने वाचून कंटाळा आला, तर साठ लाख वाचले. आवडलं, तर विद्यापीठाच्या अर्जात आणि व्हिसाच्या खिडकीवर सांगायला ठोस गोष्ट मिळाली.

## व्हिसाच्या खिडकीवर

मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन सकाळी रांगेत उभं राहणाऱ्याला ते फार थोडं वाटतं. अर्जदार परत जाणार नाही असं गृहीत धरूनच तिथला अधिकारी सुरुवात करतो, कायदाच तसा आहे, आणि बहुतेक नकार त्याच कलमाखाली येतात. मेकॅनिकल शिकलास, आयटीत काम केलंस, आता फायनान्स का, याचं उत्तर पाठ केलेलं असलं की लगेच कळतं. पुण्यातल्या कुठल्या प्रकारच्या नोकरीसाठी हे शिकतोय, हे ज्याला सांगता येतं त्याचं बोलणं पटतं. डिग्री निवडतानाच हा विचार झाला असेल तर वेगळी तयारी लागत नाही. जून 2025 पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. मे-जून 2025 मध्ये तर मुलाखतीच्या नव्या तारखा काही आठवडे देणंच थांबवलं होतं. म्हणून प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येतो का, ढकलला तर शिष्यवृत्ती टिकते का, आणि व्हिसा नाकारला तर डिपॉझिट परत मिळतं का, ही तीन उत्तरं विद्यापीठाकडून ईमेलवर घेऊन ठेवा.

## "ऑगस्टचं हुकलं, जानेवारीला जाऊ का?"

सल्लागार जानेवारीचा फार आग्रह धरतात, कारण जागा रिकाम्या असतात. फायनान्समध्ये मात्र मोठ्या बँका आणि कंपन्या भरतीला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लागतात, इन्व्हेस्टमेंट बँका तर त्याच्याही आधी. जानेवारीत पोचलेल्याला त्या वर्षीची भरती संपलेली दिसते, आणि पहिला उन्हाळा येतो तेव्हा त्याचं शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं नसतं, म्हणजे इंटर्नशिपच्या परवानगीचीही पंचाईत. कोर्स दोन वर्षांचा असेल तर पुढच्या शरद ऋतूतली भरती आणि दुसरा उन्हाळा हाताशी राहतो. वर्षभराचा असेल, तर जानेवारीऐवजी ते आठ महिने इथंच नोकरी करत सीएफएची पहिली पातळी आणि घराच्या कागदांची वारसनोंद उरकून घ्या, आणि पुढच्या ऑगस्टचा अर्ज वेळेत भरा.